चपला चालवणारे काकाजी

काकाजी रोज वेगळी चप्पल घालायचे. आज साहेबाचे काळे बूट, उद्या कुणा कॉलेजातल्या पोराच्या निळ्या पट्ट्याच्या स्लिपर, परवा बाईमाणसाची सोनेरी सँडल, तिच्यातून त्यांची टाच बोटभर बाहेर आलेली. वरचा वेष मात्र कधी बदलला नाही. पांढरा पायजामा, खाकी सदरा आणि सदऱ्याच्या खिशात सायकलची घंटी. लोक त्यांच्या पायांकडे बघून हसायचे. काकाजी थांबायचे आणि शांतपणे हसणाऱ्याच्या पायांकडे बघायचे. मग हसणारा आपले पाय मागे घ्यायचा.

स्टेशनजवळच्या एका मोठ्या देवळाबाहेर ते चपला सांभाळायचे. लोखंडी खणांची उंच मांडणी, प्रत्येक खणावर आकडा, खिळ्यांवर पितळी बिल्ले. चाळीस वर्षं त्यांनी ते काम केलं आणि चाळीस वर्षांत एकदाही देवळाची पायरी चढले नाहीत. त्यांच्या आईवडिलांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते आईच्या पोटात होते. ‘म्हणजे मीबी होतोच तिथं,’ असं सांगायचे. आधी तिथे काम करणाऱ्या एका जोडीदाराच्या शेजारी गप्पा मारायला म्हणून ते त्या मांडणीपाशी येऊन बसले, जोडीदार गावी गेला तो आलाच नाही, आणि हे त्याच्या जागी बसून राहिले. ज्याला मानत नाही त्याच्या दारात काहून बसता, असं कुणी टोचून विचारलं की म्हणायचे, "आत देव पाह्यते, बाहेर मी पाह्यतो. त्याची गर्दी कमी झाली तर मायीबी होईन. तेवढाच आमचा संबंध."

देवळातून बाहेर आलेला प्रत्येक माणूस चपला परत नेतोच असं नाही. कुणाचा बिल्ला हरवतो, कुणाची गाडी सुटायची वेळ होते, कुणी दुसऱ्या दाराने निघून जातं, कुणी अनवाणी घरी जायचं ठरवूनच आलेलं असतं. असे जोड साठत जातात. बाकी ठिकाणी त्यांना बेवारस म्हणतात. काकाजींसमोर तो शब्द चालायचा नाही. बेवारस नाही, थांबून राहिल्या आहेत, असं ते म्हणायचे. आणि नुसती ठेवून दिलेली चप्पल मरते, असं त्यांचं ठाम मत होतं. रबर ताठरतं, चामडं आखडतं, मालक उगवला आणि त्याने पाय घातला की पहिल्याच पावलाला पट्टा तुटतो. म्हणून रोज एक जोड काढून पायात घालायचा आणि त्याला चालवून आणायचं. बाजारातून, स्टेशनावरून, घरापर्यंत आणि परत.

लहानपणी चिंचेवरून पडून त्यांचा डावा पाय वाकडा जुळला होता. ते पाऊल बाहेर टाकून, घासत चालायचे. त्यावरून पेंटर त्यांची चेष्टा करायचा. पेंटर म्हणजे आमच्यातलाच एक, स्टेशनजवळच्या पुलाखाली झोपणारा. पूर्वी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील पाट्या आल्या तसं त्याचं काम गेलं, मग दारू आली, मग घर गेलं. खणांवरचे आकडे त्यानेच काढले होते, वळणदार, एखाद्या सराफाच्या दुकानावर शोभतील असे. तो म्हणायचा, "काकाजी, तुमी आठ दिवस घातली का चप्पल तिरपी होते. मालक येईन अन् म्हणीन, मायी चप्पल लंगडी काहून झाली?"

काकाजींना हे पटलं होतं. म्हणून त्यांनी नियम केला होता, एका जोडाची पाळी वर्षातून दोनदाच. त्याहून जास्त चाललं तर चप्पल मालकाची राहत नाही, आपली होते. आणि ठेवायला दिलेली वस्तू आपली होणं ही त्यांच्या लेखी चोरी होती.

फुटबॉलही तसाच आला.

एक कुटुंब दर्शनाला आलं होतं, पोराच्या हातात नवा बॉल. आत नेऊ देत नाहीत म्हणून काकाजींकडे दिला, एकशे सात नंबरचा बिल्ला घेतला, आणि बाहेर आल्यावर पोरगं प्रसादात रमलं असेल, बॉल राहून गेला. काकाजींनी तो वर्षभर खणात ठेवला. मग एक दिवस दाबून पाहिला तर मऊ लागला. त्यांची झोप उडाली. बॉल पायात घालून बाजारात नेता येत नाही. तो चालवायचा तर लाथा मारणारी माणसं पाहिजेत, आणि ती एक-दोन असून भागत नाही. देवळामागे रेल्वेच्या भिंतीपर्यंत मोकळी जागा आहे. तिथे, आणि पलीकडे पुलाखाली, आम्ही सगळे राहायचो. दुपारी देऊळ बंद असायचं. काकाजी बॉल काखेत धरून आले आणि झोपलेल्या माणसांना घंटी वाजवून उठवू लागले. पेंटर सांगतो, पहिल्या दिवशी त्यांना शिव्याच मिळाल्या.

ते स्वतः कधी फुटबॉल खेळले नव्हते. नियम त्यांना येत नव्हते, म्हणून त्यांनी आपले केले. कुणी पायात काही घालायचं नाही, कारण काहींकडे काहीच नव्हतं. खेळ झाल्यावर सगळ्यांनी बसून फुटाणे खायचे. कुठून आला, काहून आला, घरी कोण, हे विचारायचं नाही. दोन टोळ्या करायच्या तर सगळ्यांनी चपला एका ढिगात टाकायच्या, काकाजी डोळे मिटून एक जोड इकडे, एक तिकडे फेकणार. आणि कुणी कुठे खेळायचं ते चपलेचा तळ बघून ठरणार. "वरून पाय दिसते, खालून चाल दिसते," म्हणायचे. पुढून झिजलेली असेल तर तो पळणारा, त्याला पुढे ठेवा. टाच झिजली असेल तर तो सावकाश, मागे ठेवा. दोन्हीकडे सारखी झिजली असेल तर त्या माणसावर जास्त विश्वास ठेवू नका. पेंटरची चप्पल पाहून ते म्हणाले होते, हा सरळ निघतो आणि वाटेत मन बदलतो. त्याला त्यांनी मधे ठेवलं, आणि तो तिथेच चांगला खेळायचा.

सुरुवातीला ढीग काही होईना. हे ज्याला घर आहे त्याला कळणार नाही. रस्त्यावर राहणारा माणूस पैसे एकवेळ कुणाजवळ ठेवायला देईल, पण चप्पल काढून दूर जात नाही. झोपतानाही ती डोक्याखाली असते. काकाजींना याचं कौतुक वाटलं. त्यांनी खणांचा एक छोटा घोडा, चाकं लावलेली मांडणी, ढकलत मैदानात आणला, प्रत्येकाची चप्पल त्यात लावली आणि प्रत्येकाला पितळी बिल्ला दिला, देवळात येणाऱ्या शेठजीला देतात तसा. बिल्ला मुठीत धरून माणसं खेळायला लागली. हे सगळं मी येण्याच्या आधीचं. मला पेंटरने सांगितलं, पण इतक्या वेळा सांगितलं की मला वाटतं मीही तिथे होते.

माझं थोडं सांगावं लागेल. आम्ही काटोलकडचे. नवरा आणि मी संत्र्याच्या बागेत कामाला होतो. मग भांडण होऊन घर सुटलं आणि आम्ही नागपूरला आलो. दोन-तीन दिवस त्या भिंतीपाशी काढले. त्याला कळमेश्वरला कारखान्यात ठेकेदाराकडे काम लागलं. तिथे बूट लागतात म्हणून त्याने फुटपाथवरून जुने बूट घेतले आणि पायातल्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाला, सांभाळ, मी येतो संध्याकाळी, तू इथंच थांब.

मी थांबले. माझी स्वतःची चप्पल फाटली तेव्हा मी त्याची घालू लागले. दोनदा कळमेश्वरला जाऊन आले. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, चार दिवस काम केलं आणि गेला. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. पोलीस चौकीच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले, कारण काय बोलायचं ते सुचेना. मला लोकांसमोर बोलता येत नाही. सकाळी एका तर्री-पोह्याच्या गाडीवर भांडी घासायची आणि बाकीचा वेळ त्याने सांगितलेल्या जागी बसायचं. महापालिकेचा निवारा होता, तिथे गेले नाही. जागा हीच सांगितली होती.

त्या दिवसांतलं मला फार आठवत नाही. आठवतं ते सगळं उन्हातलं आहे. थंडीतली दुपार, बंद देवळाची शांतता, संत्र्याच्या हातगाड्यांवरून येणारा सालीचा वास, आणि समोर धुळीत पळणारी माणसं. धूळ उठायची आणि उन्हात तशीच उभी राहायची. त्यातून मधूनच घंटी वाजायची. मी भिंतीला टेकून बसायची, डोळे अर्धे मिटलेले, आणि मला वाटायचं की हे कुणीतरी दुसऱ्याचं स्वप्न आहे आणि मी चुकून त्यात येऊन बसले आहे.

एक दिवस एक माणूस कमी पडला. काकाजी माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. मी मान खाली घातली. ते माझ्याकडे बघतच नव्हते, चपलांकडे बघत होते. बराच वेळ बघून हळूच म्हणाले, "याच्यात तर दोघं जण राहून राह्यले."

खरंच तसं होतं. वरच्या चामड्यावर त्याच्या मोठ्या पायाचा काळा ठसा होता आणि त्याच्या आत माझा लहान. मी रोज ते बघायची, पण कुणी बोलून दाखवलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकाजींनी ते न पाहिल्यासारखं केलं.

मग त्यांनी मला बसल्या बसल्या गोलकीपर करून टाकलं. म्हणाले, तुले बोलाचं नाही ना, नको बोलू. पळाचंबी नाही. नुसती उभी राह्य, त्याचा तुले सराव आहे. मी चपला काढायला तयार नव्हते, बिल्ला मिळाला तरी. त्यावरही त्यांनी तोड काढली. गोलाचे खांब म्हणून एका बाजूला वीट असायची आणि दुसऱ्या बाजूला कुणाची तरी चप्पल. ती चप्पल माझी राहील, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोरच राहील.

अशी मी खेळायला लागले. लुगडं खोचून, मान खाली घालून, नवऱ्याच्या चपलांशेजारी. आमच्यात बायका आणखी दोघी होत्या, त्या शिव्या देत खेळायच्या. मी गप्प. मला बॉल अडवता यायचा, याचं मलाच नवल वाटलं. चेंडू अंगावर आला की अंग आपोआप वळायचं, आणि दोन हातांत ते धुळकट, गरम ओझं येऊन विसावायचं. पण विटेच्या बाजूने बॉल आला की गोल व्हायचा. मी चपलांपासून दोन हातांहून लांब जातच नव्हते. पेंटरने कितीदा समजावलं. एकदा तर तो म्हणाला, वीट उचलून इकडे आणतो, अर्ध्या गोलात तरी नीट खेळशील. काकाजींनी वीट होती तिथेच ठेवली.

असं करत मला तिथे येऊन सव्वा वर्ष झालं.

बेघर लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या ताई आमच्याकडे यायच्या. औषधं आणायच्या, कागद करून द्यायच्या. त्यांना काकाजींचा खेळ आवडला आणि त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या निवाऱ्यातल्या लोकांशी आमचा सामना ठरवला. सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. रामदासपेठेत दवाखान्यांत आलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी एक जेवणघर आहे, तिथे पोळ्या लाटायला बाई हवी होती. पगार होताच, पण मागे एक खोलीही होती, दाराला आतून कडी असलेली. सोमवारपर्यंत सांग, नाहीतर ते दुसरी बाई ठेवतील, असं त्या म्हणाल्या.

आतून कडी. ज्या बाईने सव्वा वर्ष उघड्यावर रात्री काढल्या तिला हे दोन शब्द काय आहेत ते मला लिहिता येणार नाही. रामदासपेठ तिथून चालत अर्ध्या तासावर आहे. तरीही मी ताईंना नाही म्हटलं. तो आला आणि मी जागेवर दिसले नाही तर? ताईंनी माझ्याकडे पाहिलं, हातातला चहाचा कप कपाळावर टेकवला आणि म्हणाल्या, सोमवारपर्यंत विचार कर.

सामना दुपारी झाला. समोरचे लोक तगडे होते. पुलाखालची सगळी माणसं, हमाल, दोन-चार भिकारी, हार विकणाऱ्या बायका बघायला बसल्या होत्या. बरोबरी झाली होती. शेवटी शेवटी त्यांचा एक उंच माणूस बॉल घेऊन थेट माझ्याकडे, चपलांच्या बाजूने धावत आला. मला बॉल दिसला नाही. त्याचे मोठे, मातकट पाय दिसले, आणि ते चपलांवर पडणार असं दिसलं. मी वाकले, दोन्ही चपला उचलून छातीशी धरल्या आणि बाजूला पळाले.

बॉल, जिथे चपला होत्या त्याच्या बोटभर आतून, भिंतीवर जाऊन आपटला.

मग जे भांडण झालं! समोरचे म्हणे गोल. आमचे म्हणे खांबच नाही तर गोल कशाचा. पेंटर तावातावाने सांगत होता की खांब पळून गेला, आता मैदान संपते कुठी ते तुमीच सांगा. हार विकणाऱ्या बायका हसून लोळत होत्या. मी चपला छातीशी धरून उभी होते आणि जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं वाटत होतं.

काकाजी आले. त्या दिवशी त्यांच्या पायात कुणा लग्नघरच्या पाहुण्याच्या लाल मोजड्या होत्या. ते धुळीत उकिडवे बसले. जिथे चपला रोज असायच्या तिथे मातीत त्यांचा ठसा बसला होता, दोन्ही पावलांचा, अगदी स्वच्छ. त्यांनी त्यावरून हात फिरवला नाही, फक्त बोट जवळ नेलं. मला जवळ बोलावलं.

"हे पाह्य. चपला उचलल्यानं खांब जात नाही. जागा इथंच आहे." मग त्यांनी खिशातली घंटी काढून वाजवली. गोल झाला होता. आम्ही एका गोलाने हरलो. आपलेच पंच आणि आपल्यावरच गोल, असं पेंटर आठवडाभर म्हणत राहिला.

फुटाणे वाटून झाल्यावर काकाजी माझ्याजवळ येऊन बसले. ऊन उतरत होतं. त्यांना ताईंकडून सगळं कळलं होतं.

"तू गोल नाही राखत. चपला राखतं," ते म्हणाले.

मी चपला जरा जवळ ओढल्या.

"ताईले नाही काहून म्हटलं?"

"तो येईन, अन् मी दिसणार नाही," मी म्हटलं. एवढं लांब वाक्य मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले होते.

त्यांनी दोन-चार फुटाण्यांची सालं काढली. मग म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, मी काय करून राह्यलो? लोकाईच्या चपला घेऊन थांबूनच राह्यलो ना? मले त्याची सवय आहे. जागा आहे, खण आहे, आकडा आहे. थांबाचं काम मायं आहे वं बाई. तू कशाले करतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडणीपाशी गेले. रांगेत उभी राहिले, दर्शनाला आलेल्या लोकांच्या मागे. माझी पाळी आली तेव्हा चपला काढून फळीवर ठेवल्या. काकाजींनी ओळख दाखवली नाही. दोन्ही हातांनी जोड उचलला, फडक्याने पुसला, खणात ठेवला, आणि खिळ्यावरून बिल्ला काढून माझ्या हातात दिला. त्रेसष्ट.

मी विचारलं, बिल्ला माझ्याकडे आणि तो तिकडून आला तर कसं?

"बिल्ला नवख्यासाठी असते. मी पाय ओळखीन," ते म्हणाले. मग वहीत काही लिहायचं असावं तसे थांबले. "त्याले काय सांगू?"

मी सव्वा वर्ष मनात किती बोलले होते त्याच्याशी. तिथे उभी राहिले तर त्यातलं एकही आठवेना. मागचे लोक घाई करत होते.

"म्हणाव, ती इथंच होती," मी म्हटलं. "अन् मग रामदासपेठचं सांगजा."

त्यांनी मान हलवली. मग वाकून आतल्या पोत्यातून एक बायकी जोड काढला, पिवळं फूल असलेला, आणि माझ्यापुढे ठेवला. त्याची बाई तीन वर्षांत आली नव्हती, पण आली तर परत द्यावा लागेल. तोवर चालवायचा, ठेवून द्यायचा नाही. मी त्या कुणाच्या तरी चपला घालून रामदासपेठेत आले. पहिल्या रात्री कडी लावली, काढली, परत लावली. मग झोपले.

रविवारी दुपारी मी खेळायला जायची. अजून जाते. पहिलं वर्ष मैदानात पाय ठेवला की मी काकाजींकडे बघायची आणि ते मान हलवायचे, आला नाही म्हणून. बोलायची गरज नव्हती. पुढे मी बघायचं विसरू लागले. एका रविवारी माझ्या लक्षात आलं की मी बघितलं नाही तरी ते मान हलवतात.

मी विटेपर्यंत जाऊ लागले. दोन्ही बाजूंना विटाच होत्या आता. एकदा तर बॉल अडवायला गोल सोडून पार पुढे गेले आणि तोंडातून ओरडणं निघालं, ‘सोड, मायं आहे!’ सगळं मैदान थबकलं. पेंटर म्हणाला, अरे, हिले आवाज आहे. काकाजींनी तेव्हा घंटी वाजवली. कशाबद्दल ते कुणाला कळलं नाही, नियमात ते नव्हतं.

मागच्या थंडीत त्यांना ताप आला आणि तीन दिवसांत ते गेले. पांढरे कपडे घालून आम्ही सगळे त्यांना पोचवायला गेलो. हमाल होते, हारवाल्या होत्या, दर्शनाला येणारे दोन-तीन शेठही होते. त्यांचे पाय उघडे होते. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदा नीट पाहिले. डावा बाहेर वळलेला, जणू झोपेतही कुठेतरी निघालेला.

मांडणी आता पेंटरकडे आहे. तो पीत नाही असं नाही, पण देऊळ उघडं असेपर्यंत पीत नाही. महिन्याभराने त्याने निरोप पाठवला की बिल्ला घेऊन ये, खण मोजायचे आहेत. मी रविवारी गेले. त्रेसष्टचा बिल्ला फळीवर ठेवला. त्याने जोड काढून दिला.

चामड्याला तेल लावलेलं होतं. एक पट्टा नवा होता, टाके बारीक. वरचे दोन्ही ठसे गेले होते. त्याचा नव्हता आणि माझाही नव्हता. मी सवयीने चपला उलट्या केल्या, काकाजी करायचे तशा. उजव्या चपलेचा तळ ठीक होता. डाव्याची बाहेरची कड टाचेपासून करंगळीपर्यंत झिजून तिरपी झाली होती, दोनदा नवीन तुकडा लावलेला आणि तोही झिजलेला.

वर्षातून दोन पाळ्यांनी चप्पल अशी झिजत नाही. मला तेवढं वाचता येतं आता.

पेंटर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा बिल्ला देत होता. वळून न बघता म्हणाला, "सोमवारी त्याच घालत होते. दर सोमवारी दुपारी बसस्टँडवर जात होते, कळमेश्वरची बस लागते तिथं. उभे राहत होते तासभर, उतरणाऱ्याईचे पाय पाहत. मी म्हटलं, काकाजी, नियम मोडून राह्यले तुमी. तर म्हणे, चपला चालवून राह्यलो."

मी त्या तिथेच घातल्या. पिवळ्या फुलाचा जोड पिशवीत टाकला. त्या दिवशी खेळून झाल्यावर मी रामदासपेठेत परत निघाले तर चालताना काहीतरी वेगळं वाटत होतं. डावी चप्पल बाहेरच्या बाजूला कलते, त्यामुळे पाऊल आपोआप बाहेर पडतं आणि जरा घासतं. सरळ टाकायचा प्रयत्न केला तर पाय दुखतो. पुलाखालून निघून पहिल्या चौकापर्यंत मी प्रयत्न केला. मग सोडून दिला.

ऊन उतरलं होतं. एका दुकानाच्या काचेत मला लुगड्यातली एक बाई दिसली, डावा पाय बाहेर टाकत, घासत, सावकाश चाललेली. बाजूच्या पानठेल्यावरचे दोघं पायांकडे बघून हसले. मी थांबले, आणि शांतपणे त्यांच्या पायांकडे बघितलं.